जुनी चकती चालली असती का?

अजी, ऐका. आज मी तुमच्यासंग भांडायले बसली आहे. रडणं झालं. तेरवीपर्यंत घर असं भरून होतं का रडायलेबी जागा नव्हती, कोणी ना कोणी येऊन पाठीवर हात फिरवे. आता सारे आपापल्या घरी गेले. पोरगी काल आंबागडले परत गेली, तिच्या घरीबी धान उभा आहे, किती दिवस राहीन ती? आता घरात मी, अन् शेडात तुमची लोखंड कापायची मशीन. अन् एकच गोष्ट आहे, जे मले ना जेवू देऊन राहिली, ना निजू.

ती जुनी चकती चालली असती का?

हो का नाही, एवढंच सांगा. चालली असती, तं तुमी फुकट गेले. चालली नसती, तं निदान काही कारणानं गेले. दोन्हीत तुमी गेलेच, मले मालूम आहे, मी येडी नाही झाली. पण माणसाले काहीतरी धरून रडा लागते ना. मी काय धरून रडू?

बसायले आलेली एक एक बाई मले समजावून गेली. कोणी म्हणे, वेळ भरली होती. कोणी म्हणे, देवाले चांगली माणसंच लागतात. देवाले वेल्डर कायले लागते वो? त्याच्या घरचं गेट जाम झालं होतं का? गेट तं आपल्या तलावाचं जाम झालं होतं.

त्या दिवशी सकाळी पाणकर रामाजी मामा तलावाच्या पारेवरूनच आवाज देत आले. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा सोडायचं ते त्यायच्या हातात, अन् त्या दिवशी त्यायच्या हातात गेटचं चाक ओढून सोललेल्या चामड्याशिवाय काही नव्हतं. धान निसवायले आलेला, पाऊस गेलेला, तलावात पाणी डबडब, अन् पाणी सोडायच्या तुडुमाचं लोखंडी गेट काही केल्या वर जाईना. तुमी जाऊन पाहून आले. म्हणे, गंजानं दोन्ही बाजूचे अँगल फुगले, मधातला पाटा आवळून धरला. "दोन्ही अँगल कापा लागते. एक कापला का सारं हालते, मंग दुसरा कोणीतरी धरून बसा लागते. इंदे, तू चाल." मी पदर खोचून तयारबी झाली.

अन् कापायची चकतीच नाही! आदल्या दिवशी खिडकीच्या गजांत साऱ्या झिजवून टाकल्या होत्या. घासायची जाडी होती, पॉलिशची होती, नाही ते सारं होतं. कापायची म्हटली तं खिळ्याले टांगलेली ती एकच, मोठ्या मशीनची उतरलेली. लाखनीले हायवेवरच्या ट्रकच्या दुकानांत हेच चालते, मी का पाह्यलं नाही? सात इंची चकती मोठ्या मशीनवर झिजून लहान झाली का ते फेकत नाहीत, पाच इंची मशीनवर चढवतात. बसत नसन तं चकतीवरचा गार्ड काढून टाकतात. गरिबाच्या घरी मोठ्याचा सदरा लहाना घालते, तसं. तुमाले ते कोणीतरी देली अन् तुमी खिळ्याले टांगून ठेवली. कोणी आलं का दाखवत, "पाहून घ्या, हे अशी लावायची नाही." देवघरात बाहुली ठेवल्यावाणी मांडून ठेवली होती.

मी म्हटलं, "हे आहे ना. लावा हेच. दोन तं काप मारायचे."

तुमी ते खाली काढली. उजेडात धरली, फिरवली, मधातला छल्ला अंगठ्यानं पुसला. "मोठी मशीन हळू फिरते, इंदे. लहान जोरानं फिरते. ही हळूवालीची आहे. अन् सारा पावसाळा टिनाखाली लटकून सादळली. छल्ल्यावरची तारीख पाय, तेबी गेली."

"चकतीले कायची तारीख? ते का दूध आहे?"

"दूध नासलं तं ओकारी होते. हे नासलं तं तोंडावर येते."

"सारी लाखनी लावते!"

"लावू दे लाखनीले."

मंग मले राग आला, अजी. आपल्याबी बांध्या त्याच पाण्यावर आहेत. अन् तुमी मले शिकवून राहिले होते, जसं काही मी तुमाले पाह्यलंच नाही! उन्हाळ्यात, शेडाच्या मागं, तुमी एकटे बसून तेच चकती लावून पाइप कापून राहिले होते का नव्हते? मी सरपण आणायले गेली तं मले दिसले. मी काही बोलली नाही, चुपचाप काड्या घेऊन आली. त्या दिवशी मी ते तोंडावर बोलली. "उन्हाळ्यात चालली, आता काहून चालत नाही?" तुमी मोठे चाट पडले. पकडल्यावर तुमचं तोंड कसं होते, मले मालूम आहे. पण ऐकलं नाहीच. गाडीले किक मारली, म्हणे, लाखनीले जाऊन चुटकीसरसा येतो.

अन् मी काय म्हटलं? "जा मंग, आणा तुमची सोन्याची चकती!"

हे शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं हे. कोणी विचारलं तं मी सांगते का काहीच बोलली नाही, घरात होती. तुमी कोणाले सांगू नका.

ट्रक मागून आला म्हणतात. तुमी रोडच्या कडंनच होते म्हणतात. मले त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं, पण लोकं सांगतात, सांगितल्याशिवाय त्यायचं पोट दुखते. माह्या हातात एक पन्नी देली. गाडीच्या हँडलले टांगलेली होती म्हणे. हँडल वाकलं, टाकी चेपली, अन् पन्नीतल्या चकत्यांले साधा टवका नाही गेला. नव्या कोऱ्या, पाच इंची, कापायच्या, कागदासहित. तुमी छल्ल्यावरची तारीख पाहूनच घेतल्या असतीन. दुकानदाराचं डोकं खाल्लं असन.

अन् मी काय केलं, सांगू? घरात बायांचा आकांत चालला होता, अन् मी उठून ते पन्नी तांदळाच्या पिप्यात ठेवून आली. हात आपोआपच गेला. हसा तुमी.

तुमचा तो तांदळाचा पिपा! लग्न होऊन मी दिघोरीहून आली, नवी नवरी, पहिल्यांदा भात मांडायले पिप्यात हात घातला तं हाताले काय लागलं? चकत्या! मी ओरडत बाहेर आली का बाप्पा, या घरात भाकरीबी लोखंडाच्या खातात का? तुमी गंभीर तोंड करून सांगितलं, "तांदूळ ओल पिते. आपला इलाका पाण्याचा, इकडं तलाव, तिकडं बांधी, हवाबी ओली. पापड सादळतो तशी चकतीबी सादळते. सादळलेला पापड तळला तं नुसता वाकते, सादळलेली चकती फिरवली तं फुटते." सासूबाई मेल्या त्याबी तांदळाले चकतीचा वास येते म्हणतच मेल्या. मी किती भांडली. वेगळा पिपा घ्या म्हटलं, वेगळे तांदूळ ठेवा म्हटलं. "अन्नाचे तांदूळ लोखंडाले कायले नासवू?" म्हणत, अन् त्याच पिप्यात ठेवत. आपल्या भागातल्या माणसाले साऱ्या रोगावर तांदूळच औषध दिसते. आता सांगते, तांदळाले कधीच वास येत नव्हता. मी उगाच म्हणत होती, सासूच्या बाजूनं राहा लागते म्हणून.

मले तं तेव्हा चकती म्हणजे चकती. गोल आहे, फिरते, कापते, झालं. तुमी मले रांधणीत येऊन शिकवलं. भाजी चिरायची पावशी दाखवली, किसणी दाखवली. "किसणीवर कांदा चिरशीन का?" "नाही." "पावशीच्या पात्याच्या आडव्या अंगानं गाजर किसशीन का?" "येडी का मी?" "मंग? बारीक चकती पावशी आहे. सरळ उभी चालते, कापते. तिच्या अंगानं घासायले गेली तं मोडते. जाडी चकती किसणी आहे. तिनं घासायचं, वेल्डिंगचे फोड काढायचे. तिनं कापायले गेली तं दिवस जाते अन् मशीन जळते." एवढं सोपं मले शाळेत कोणी शिकवलं असतं तं मी मॅट्रिक झाली असती.

अन् स्टीलची वेगळी. त्यापायी तं तुमचं नाकच कापलं गेलं होतं. तुमी कोणाले सांगत नव्हते, पण मी सांगणार, आज मले कोण रोखते? शेजारच्या गावातल्या मास्तरच्या नव्या घराले स्टीलचं रेलिंग लावलं, चकाचक, साऱ्या गावानं जाऊन तोंड पाह्यलं त्यात. अन् पावसाळा लागला तं रेलिंगवर तांबडे ठिपके, देवी आल्यावाणी! तुमी स्टीलच्या दुकानदारासंग भांडून आले, माल खोटा देला म्हणून. तो म्हणे, माल खरा आहे, तुमी लोखंड घासलेल्या चकतीनंच स्टील घासलं असन, लोखंडाची धूळ त्यात गेली, तेच गंजून राहिली. तुमी घरी आले अन् जेवले नाहीत. मंग मास्तरच्या घरी जाऊन सारं रेलिंग पुन्हा घासून देलं, नव्या चकतीनं, स्टीलच्याच. तेव्हापासून तुमाले चकतीचं येड लागलं. लोखंडाची इकडं, स्टीलची तिकडं, घासायची वेगळी, कापायची वेगळी, एकमेकीले शिवायची नाही. माह्या जावेनं म्हटलं होतं, "भावजींच्या चकत्यांत सोवळंओवळं आहे, आपल्या घरात नाही."

अन् माह्या बांगड्या! ते भांडण तं अर्धवटच राहिलं. मी मशीन धरायले लागली तं तुमी म्हणत, "पहिले बांगड्या काढ. चकतीत अडकली तं मनगट जाईन." मी म्हणे, "नवरा समोर उभा असताना कोणती बाई बांगड्या काढते? तुमाले काही झालं तं?" तुमी म्हणत, "तुह्या हाताले काही झालं तं?" ना तुमी माघार घेत, ना मी. शेवटी मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वरून जुन्या सदऱ्याची बाही बांधे, अन् तुमी तोंड वाकडं करून मशीन देत. आता पाहा माहे हात. बायांनी त्या दिवशीच उतरवल्या. जाऊ सुशीला रडत होती अन् एक एक फोडत होती. मी हात पुढं करून बसली होती अन् मनात म्हणत होती, घ्या, जिंकले तुमी. असं कोणी जिंकते का वो? भांडण जिंकायची का हे रीत झाली?

तं गेट तसंच होतं. तुमी गेले अन् गेट तसंच. गावातलं कोणी आपल्या घरी येऊन बोललं नाही, सुतकाच्या घरी कामाचं कोण बोलन? पण बांधीतून परत येणारे लोकं आपल्या घरासमोरून मान खाली घालून जात, ते मले दिसून राहिलं होतं. रामाजी मामांनी लाखनीतल्या दोघातिघांले विचारलं. हंगामाचे दिवस, ट्रकांच्या रांगा, कोण येते खेड्यातल्या गेटासाठी? आज, उद्या, परवा. मी काल बांधीवर जाऊन आली. चिखल तडकला. निसवलेला धान आता पाणी मागून राहिला, अन् आता नाही भेटलं तं पोचट होईन. पाणी समोर दिसून राहिलं अन् बांधीत नाही.

आज सकाळी मी मशीन उचलली.

गावासाठी उचलली असं सारे म्हणून राहिले. खोटं आहे. तुमाले खरं सांगते. मी खिळ्यावरची ते जुनी चकती काढायले गेली होती शेडात. मले पाहायचं होतं. तुमी जे लोखंड कापायले निघाले होते तेच लोखंड, तेच मशीन, तेच चकती. चालते का फुटते, एकदाचं होऊन जाऊ दे. गेट हे नुसतं निमित्त होतं.

पिप्यातल्या नव्या चकत्यांले मी हात लावला नाही.

सुशीला मागं मागं आली. "काहून जाता बाई? कोणी बाईमाणूस करते का हे? तेरवीचे भांडे नाही घासून झाले अजून!" मी म्हटलं, भांडे तू घास. मोटारपंपाच्या डब्यातून रामाजी मामांनी तार ओढून देली. शेतातली लाइन दुपारी येते, तोपर्यंत मी पारेवर बसून चकती चढवली. गार्ड काढल्याशिवाय बसत नव्हती. काढला. पान्यानं गच्च आवळली. मले वाटत होतं, फुटो. अजी, खरंच वाटत होतं. फुटो अन् सारं सिद्ध होवो, का तुमी गेले ते बरोबर गेले, जुनी लावली असती तं त्या दिवशीच घात झाला असता. मी मेली तरी चालन, पण तुमी खरे निघा. अन् एवढं मनात असताना डोळ्यांवर चष्मा लावून बसली होती मी. मरायच्या गोष्टी करून राहिली, अन् चष्मा लावून! तुमची सवय अशी हाडात गेली.

साऱ्यांले दूर हाकललं. डावीकडचा अँगल भिंतीत घट्ट होता, धरायले कोणी नको होतं. मी एकटी पायरीवर उतरली. बटण दाबलं.

ते चालली.

काही झालं नाही, अजी. काहीच झालं नाही! ना आवाज बदलला, ना हालली, ना कुठं तडकली. चिमण्या उडाल्या, ठिणग्या पाण्यात पडल्या, गंज जळल्याचा तोच वास आला, अन् अँगल लोण्यावाणी कापला गेला. मी बटण बंद केलं. चकती फिरत फिरत थांबली. मी तिच्याकडे पाहून राहिली अन् ते माह्याकडे. अन् मंग मी पायरीवरच बसली अन् माह्या छातीतून असा आवाज निघाला का पारेवरचे लोकं धावत आले. चालली असती! ते चालली असती वो! दोन मिनिटांत काम झालं असतं, पाणी सुटलं असतं, दुपारी तुमी भात खाऊन शेडात लोळले असते. कायले गेले? कायले गेले तुमी? कोणी सांगितलं होतं एवढं शहाणं व्हायले? उन्हाळ्यात स्वतः लावली, शेडामागं, चोरून, अन् त्या दिवशी काय अंगात आलं होतं? मी तुमाले शिव्या देल्या. रामाजी मामा समोर होते तरी देल्या. ते समजले का मी तुमच्या आठवणीनं रडून राहिली. म्हणे, "रड बेटा, रडून घे."

मले माहीत आहे तुमी काय म्हटलं असतं. एकदा नाही फुटली म्हणजे चांगली नाही होत, इंदे. खराब चकती रोज फुटली असती तं कोणी लावलीच नसती. असंच म्हटलं असतं. मंग मी काय करू? फुटेपर्यंत रोज लावत बसू?

उजवीकडचा अँगल बाकी होता. लाइन जायच्या आत कापायचा होता. मी डोळे पुसले, पुन्हा मशीन उचलली, तेच चकती. आता मले भीतीबी नव्हती, आशाबी नव्हती. चालतेच तं चालू दे. पण डावा कापल्यानं सारा सांगाडा ढिला झाला होता, हात लावला का हाले. कापताना हालला तं चकती अडकन. धरायले कोणीतरी पाहिजे होतं.

"सरक, मी धरतो," म्हणत रामाजी मामा खाली उतरले. धोतर वर खोचलं, पाण्यात पाय टाकून बसले, अन् दोन्ही हातांनी अँगल धरला. त्यायचं तोंड बरोबर माह्या चकतीसमोर आलं. हातभर अंतरावर. म्हातारं माणूस, सोललेले हात, डोळ्यांवर काही नाही. माह्याकडे पाहून हसले. म्हणे, "चालव बेटा."

अन् माहा अंगठा बटणावर गेलाच नाही.

मी जोर लावला, अजी. आताच तं चालली होती ते. चांगली चालली होती. काही झालं नव्हतं. मी स्वतःले सांगितलं, दोनच मिनिटं. मागं लोकं उभे, वर लाइन केव्हा जाईन भरोसा नाही, खाली बांध्या तडकलेल्या. अंगठा हाललाच नाही. मी मामांच्या तोंडाकडे पाहून राहिली, अन् मले तिथं मी दिसली. त्या दिवशी त्या जागी मीच बसणार होती. असेच हात करून, असंच तुमच्या चकतीसमोर तोंड करून.

एकटे असले का तुमी कायबी लावत. शेडामागं लावली होती. माह्या तोंडासमोर लावली नाही.

एवढं तं तुमी त्या दिवशी बोलूबी शकले असते ना! तारीख सांगितली, सादळली सांगितलं, हळू फिरते, जोरानं फिरते, सारं सारं सांगितलं. हे एक नाही सांगितलं. सांगितलं असतं तं मी का "सोन्याची चकती" म्हटली असती? का म्हटली असती वो?

मी मशीन खाली ठेवली. "मामा, उठा. दूर बसा. मी आली." अन् पारेवरून धावत घरी आली, अनवाणी. लोकं समजले का माहं डोकं फिरलं. पिप्यात कोपरापर्यंत हात घातला, तांदूळ सारे खाली सांडले, सुशीला ओरडली. पन्नी घेऊन परत धावली. पारेवर बसून जुनी काढली, गार्ड चढवला, कागद फाडला, तुमची चकती लावली, पान्यानं आवळली. मामांले माहा चष्मा देला. ते म्हणे, मी काही वेल्डर नाही, मले कायले? मी म्हटलं, लावा म्हणजे लावा. मी पदर बांधला डोळ्यांपर्यंत, फटीतून पाह्यलं, अन् बटण दाबलं.

अंगठा गेला.

अँगल कापला, मामांनी चाक फिरवलं, पाटा कुरकुरत वर आला, अन् पाणी सुटलं. लोकं पारेवर नाचले. कोणीतरी तुमचं नाव घेऊन ओरडलं, जे मी आयुष्यात कधी घेतलं नाही. बांधीत पाणी जाऊन राहिलं, आताबी जाऊन राहिलं, इथं शेडात बसून मले ऐकू येते. धान वाचन.

अन् मी? मले जे पाहिजे होतं ते भेटलं. आता मले माहीत आहे तुमी कायले गेले. वाटलं होतं, हे कळलं का छातीवरचं वजन कमी होईन. नाही होत, अजी. वाढलं. आतापर्यंत तुमी एका चकतीपायी गेले होते, तुमच्यावर रागावता येत होतं. आता तुमी माह्यापायी गेले, आता मी रागावू कोणावर? मले उत्तर नाही पाहिजे. घेऊन जा ते परत. मले तुमी पाहिजे.